ताइफची फायनल: माणूस कमी असताना अल-नस्रने काय केलं

लाल कार्ड निघालं की मैदानाबाहेरचे सगळे एकाच सुरात ओरडतात, "मागं या, मागं या!" कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघायला आलेला माणूस हेच ओरडतो. सोळा वर्षांखालच्या पोरांना शिकवताना मीही बरीच वर्षं हेच ओरडत आलो. १२ ऑगस्ट २०२३ ला सौदी अरेबियातल्या ताइफमध्ये अल-नस्र आणि अल-हिलाल या रियाधच्या दोन क्लबांत अरब क्लब चषकाची फायनल झाली. ती पाहिल्यावर या सल्ल्याबद्दल मला शंका यायला लागली. पुढे त्याच दोन संघांचे आणखी काही सामने पाहिले तेव्हा ती पक्की झाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. ज्यांना कार्डं मिळाली त्या खेळाडूंची नावं मुद्दाम गाळली आहेत. इथे प्रश्न त्यांच्या चुकीचा नसून त्यानंतर बाकीच्यांनी काय केलं याचा आहे.

पार्श्वभूमी

अरब देशांच्या फुटबॉल महासंघाच्या या स्पर्धेत एक वेगळी गंमत आहे. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्तचे क्लब एरवी आफ्रिकेच्या स्पर्धांत खेळतात, तर सौदी, कतार, इराकचे आशियाच्या. अधिकृत सामन्यात समोरासमोर यायची त्यांना जवळजवळ संधीच नसते. ती इथे मिळते. कैरोचा झमालेक आणि रियाधचा अल-नस्र एका गटात, कासाब्लांकाचा 'राजा' नावाचा क्लब आणि अल-नस्र उपांत्यपूर्व फेरीत, असं दुसरीकडे कुठे बघायला मिळायचं?

२०२३ ची स्पर्धा राजे सलमान यांच्या नावाने भरली. २७ जुलै ते १२ ऑगस्ट, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. म्हणून सामने रियाध किंवा जेद्दाहला न ठेवता अभा, अल-बाहा आणि ताइफ या डोंगरावरच्या शहरांत ठेवले. अभा समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटरवर आहे आणि आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, यावरून अंदाज येईल. हवा थंड हे खरं, पण विरळही. अशा हवेत दर तीन दिवसांनी नव्वद मिनिटं पळायचं म्हणजे छातीचा कस लागतो.

मुख्य फेरीत १६ संघ होते, चार-चारचे चार गट, आणि प्रत्येक गटातून दोन पुढे. यजमानांचे चार क्लब त्यात होते: अल-इत्तिहाद, अल-हिलाल, अल-नस्र आणि अल-शबाब. त्याच जूनमध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने देशातल्या चार मोठ्या क्लबांत प्रत्येकी ७५ टक्के हिस्सा घेतला होता. यातले पहिले तीन त्या चारांत होते. मग युरोपातून खेळाडूंची रांग लागली. इत्तिहादकडे बेन्झेमा आला. हिलालने रुबेन नेवेस, कुलिबाली, मिलिन्कोविच-साविच आणि माल्कम घेतले. नस्रकडे जानेवारीपासून रोनाल्डो होताच, आता ब्रोझोविच, फोफाना, अॅलेक्स टेलेस आणि शेवटी सादिओ माने आले.

नस्रची मागच्या मोसमातली सौदी लीग दुसऱ्या क्रमांकावर संपली होती, इत्तिहादच्या पाच गुणांनी मागे. रोनाल्डो आल्यानंतर एकही चषक हाती लागला नव्हता. ही अरब स्पर्धा तर क्लबने कधीच जिंकलेली नव्हती. नवे प्रशिक्षक लुईस कास्त्रो जुलैमध्ये रुजू झाले.

अडचण

मोसमाआधीचे तीन-चार आठवडे कुठल्याही प्रशिक्षकासाठी सोन्यासारखे असतात. खेळाडूंचा दम वाढवायचा, नवे-जुने एकत्र बसवायचे, चुका करायच्या आणि त्या कुणी मोजायच्या नाहीत. कास्त्रोंना हे आठवडे मिळालेच नाहीत. क्लब आधीच जपान दौऱ्यावर होता. २५ जुलैला ओसाकात पॅरिस सें-जर्मेनशी ०-०, २७ जुलैला तिथेच इंटर मिलानशी १-१, आणि २८ जुलैला सौदीत अल-शबाबविरुद्ध या स्पर्धेचा पहिला सामना. एकच क्लब चोवीस तासांच्या अंतराने आशियाच्या दोन टोकांना खेळत होता.

त्यानंतरच्या तारखा बघा: ३१ जुलै, ३ ऑगस्ट, ६ ऑगस्ट, ९ ऑगस्ट, १२ ऑगस्ट. १६ दिवसांत सहा सामने, प्रत्येक दोन सामन्यांत दोनच मोकळे दिवस. एक दिवस अंग सैल करण्यात जातो, दुसरा पुढच्या सामन्याच्या तयारीत. त्यावर १४ ऑगस्टला लीगचा पहिला सामना. म्हणजे फायनल गाठली तर लीगच्या सलामीआधी एकच मोकळा दिवस.

प्रश्न सरळ होता. ही स्पर्धा सराव म्हणून खेळायची, की जिंकायला खेळायची?

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: राखीव खेळाडूंना उतरवायचं, मुख्य अकरा लीगसाठी ताजे ठेवायचे. युरोपातल्या बऱ्याच क्लबांनी हेच केलं असतं. दुसरा: गटात फिरवाफिरवी करायची आणि बाद फेरीपासून पूर्ण ताकद लावायची. तिसरा: पहिल्यापासून जिंकायलाच जायचं, आणि लीगची किंमत मोजावी लागली तर मोजायची.

गटाने पहिल्या दोन पर्यायांना फारशी जागा ठेवली नाही. शबाबशी ०-० झालं. ट्युनिशियाच्या मोनास्तिरला नस्रने ४-१ हरवलं, त्यात रोनाल्डोचा एक हेडर. पण तिसऱ्या सामन्यात झमालेकने ५३ व्या मिनिटाला पेनल्टीवर आघाडी घेतली आणि गणित उलटंपालटं झालं. ते गणित मी पोरांसमोर फळ्यावर मांडतो: नस्रचे ४ गुण, झमालेकचे ३. झमालेक जिंकला तर त्याचे ६, नस्र घरी. बरोबरी झाली तर नस्रचे ५, झमालेकचे ४, झमालेक घरी. ८७ व्या मिनिटापर्यंत नस्र बाहेर होता. मग क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, रोनाल्डो उंच उडाला, हेडर जाळ्यात, १-१. गटात दुसरा क्रमांक, आणि पुढची फेरी.

हा गोल फारसा कुणाच्या लक्षात नाही, कारण सगळ्यांना फायनल आठवते. माझ्या मते मोसमाचं वळण इथे होतं. तीन मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर ताइफची फायनल वेगळ्या दोन संघांत झाली असती आणि कास्त्रोंना लीगच्या तयारीला दहा दिवस मिळाले असते. ८७ व्या मिनिटानंतर मात्र माघार शक्य नव्हती.

उपांत्यपूर्व फेरीत राजा कासाब्लांकाला ३-१ हरवलं, चारही गोल मध्यंतराआधी. उपांत्य सामना अभाला, इराकच्या अल-शुर्ताशी. तिथे गोल होता होईना. अखेर ७५ व्या मिनिटाला रोनाल्डोची पेनल्टी, १-० आणि सुटका. दुसऱ्या बाजूने हिलाल इत्तिहादला ३-१ आणि मग शबाबला ३-१ असं हरवत जास्त रुबाबात आला होता. फायनलआधी मला कुणी विचारलं असतं तर मी हिलालचंच नाव घेतलं असतं.

फायनल: ७१ ते ७४

रियाधचे दोन शेजारी, दोन्हीकडे पोर्तुगीज प्रशिक्षक. हिलालकडे जॉर्जे जेझुस. पूर्वार्ध गोलशून्य. ५१ व्या मिनिटाला उजवीकडून माल्कमचा क्रॉस आला, ब्राझीलच्याच मिकाएलने हेडर मारला, हिलाल १-०. वीस मिनिटांनी नस्रच्या एका बचावपटूला लाल कार्ड.

आता मी टीव्ही थांबवतो. पोरांना दाखवताना दर वेळी इथेच थांबवतो. घड्याळात ७१. एक गोल मागे, दहा माणसं, समोर हिलालसारखा संघ, पायांत सोळा दिवसांचा शीण. तुम्ही कास्त्रोंच्या जागी असाल तर काय कराल?

बहुतेक पोरं म्हणतात, एक फॉरवर्ड काढा आणि बचावपटू घाला. हे चुकीचं नाही. रेषा मोडली असेल तर ती आधी भरावी, नाहीतर दुसरा गोल बसतो आणि सामना संपतो. काही पोरं म्हणतात, नाहीतरी हरतोय, सगळे पुढे पाठवा. यात धाडस आहे, पण हिलालच्या विंगर्सना, म्हणजे कडेने धावणाऱ्या आक्रमकांना, मोकळं रान मिळेल. तिसरा मार्ग सहसा कुणी सांगत नाही: चारची बचावफळी तीनची करायची, मधली फळी अरुंद करायची आणि एका बाजूचा फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, मात्र वर सोडायचा. म्हणजे संघ सगळीकडे थोडा थोडा कमी पडण्याऐवजी एका ठिकाणी कमी पडतो आणि एका ठिकाणी पुरेसा राहतो.

कास्त्रोंनी बाजूला उभं राहून नेमकं काय सांगितलं ते मी ऐकलेलं नाही. पण मैदानावर काय झालं ते दिसतं. ७४ व्या मिनिटाला चेंडू नस्रच्या उजव्या बाजूला आहे. तो कुणाकडे? राइट बॅक सुलतान अल-गन्नामकडे. दहा माणसांचा, एका गोलने मागे असलेला संघ, आणि त्याचा राइट बॅक हिलालच्या बॉक्सशेजारी, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीजवळ, उभा राहून क्रॉस टाकतोय. चेंडू खालून, गोलसमोरून सरपटत येतो आणि रोनाल्डो जवळून तो आत ढकलतो. १-१.

हा गोल रोनाल्डोच्या नावावर आहे आणि तो असायलाच हवा. अशा जागी वेळेवर पोहोचणं ही त्याची आयुष्यभराची कमाई आहे. पण पोरांना मी गन्नामचे पाय बघायला सांगतो. लाल कार्ड निघून तीनच मिनिटं झालीत. घाबरलेला राइट बॅक या वेळी स्वतःच्या बॉक्सच्या कडेला असतो.

हिलालच्या बाजूने

या तीन मिनिटांत हिलालनेही एक निर्णय घेतला, किंवा घेतलाच नाही. आघाडी आहे, माणूस जास्त आहे. एक तर चेंडू ताब्यात ठेवून समोरच्याला पळवायचं, किंवा लगेच दुसरा गोल मारून विषय संपवायचा. दोन्ही मार्ग चांगले. वाईट एकच: दोन्हीच्या मध्ये राहणं. माणूस जास्त झाला की मनात एक सैलपणा शिरतो, जो तो समजतो की मोकळ्या माणसाला दुसरा कुणीतरी पकडेल. गन्नाम मोकळा राहिला तो मला तरी असाच दिसतो.

७८ व्या मिनिटाला नस्रच्या आणखी एका खेळाडूला लाल कार्ड दाखवलं गेलं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा १-१. अतिरिक्त वेळेत पारडं उघडपणे हिलालकडे झुकलेलं होतं.

९८ वं मिनिट. फोफानाचा जोरदार फटका आडव्या बारला लागून परत येतो आणि रोनाल्डो जवळून हेडर मारतो. २-१. पुन्हा तीच गोष्ट डोळ्यांत भरते: माणसं अपुरी असताना मिडफिल्डर फटका मारायला पुढे आहे आणि फॉरवर्ड परतलेल्या चेंडूची वाट बघत गोलसमोर आहे. पेनल्टी शूटआउटपर्यंत सामना रेटायचा असता तर हे दोघे तिथे दिसले नसते. गोल मिळाल्यावर मात्र नस्र सगळाच्या सगळा मागे आला आणि उरलेली बावीस मिनिटं झगडून काढली. मागे यायची वेळ ती होती.

त्या बावीस मिनिटांतच, सामना संपत आलेला असताना, रोनाल्डोला दुखापत झाली आणि त्याला बाहेर जावं लागलं.

निकाल

अल-नस्रचा पहिला अरब क्लब चषक. रोनाल्डो सहा गोलांसह स्पर्धेत अव्वल: मोनास्तिर, झमालेक, राजा, शुर्ता यांच्याविरुद्ध एकेक आणि फायनलचे दोन. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

दोन दिवसांनी बिल आलं. १४ ऑगस्टला लीगची सलामी अल-इत्तिफाकविरुद्ध. रोनाल्डो नाही. मानेने चौथ्याच मिनिटाला गोल केला, तरी नस्र २-१ हरला. १८ ऑगस्टला घरच्या मैदानावर अल-तावूनकडून ०-२. दोन सामने, शून्य गुण. २५ ला अल-फतेहला ५-० हरवून गाडी रुळावर आली, रोनाल्डोची हॅटट्रिक त्यातलीच. पण सुरुवात गेली ती गेलीच.

"चषक जिंकला आणि लीग गमावली" असं म्हणायचा मोह मलाही होतो. पण हिलालकडे बघितल्यावर हे वाक्य टिकत नाही. तीच फायनल, तीच १२० मिनिटं, वर पराभवाचं दुःख, आणि त्याच १४ ऑगस्टला हिलाल अभा शहराच्या क्लबविरुद्ध ३-१ जिंकला, माल्कमची हॅटट्रिक. पुढे हिलालने अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकली: ९६ गुण, नस्र ८२ वर. फरक चौदा गुणांचा. पहिल्या दोन सामन्यांतले सहा मिळाले असते तरी तो भरला नसता. थकवा दोघांना सारखाच होता. हिलालकडे थकलेल्याच्या जागी उतरवायला तोडीस तोड माणूस होता, नस्रकडे तो कमी ठिकाणी होता.

त्याच मोसमातले पुढचे दोन सामने

६ नोव्हेंबर २०२३ ला हिलाल आपल्याकडे आला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीविरुद्ध, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पूर्वार्धात मुंबईने त्यांना गोल करू दिला नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका बचावपटूला लाल कार्ड मिळालं. हिलाल या वेळी थांबला नाही. ६२ व्या मिनिटाला गोल, आणि करणारा मिकाएलच, ताइफच्या फायनलमध्ये पहिला गोल केलेला. ८५ व्या मिनिटाला मित्रोविचचा दुसरा. २-०. दोन संघांच्या ताकदीत फार अंतर होतं, त्यामुळे तुलना ताणायची नाही. तरीही माणूस जास्त झाल्यावर हिलाल कसा लगेच अंगावर गेला, हे आपल्या पोरांच्या बाजूने बघताना जिवाला लागत होतं.

दुसरा सामना ३१ मे २०२४ चा, जेद्दाहमध्ये, सौदी राजाच्या नावाने होणाऱ्या किंग्ज कपची फायनल. पुन्हा हिलाल आणि नस्र. मित्रोविचच्या गोलने हिलाल पुढे गेला, मग उत्तरार्धात नस्रच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं. इथपर्यंत ताइफसारखंच. पण शेवटच्या मिनिटांत हिलालच्या दोघांना कार्डं मिळाली आणि त्याच धामधुमीत ८८ व्या मिनिटाला नस्रने बरोबरी साधली. अतिरिक्त वेळ हिलाल नऊ माणसांनी खेळला, नस्र दहांनी. जास्त माणसं या वेळी नस्रकडे होती, आणि नस्रला तीस मिनिटांत गोल करता आला नाही. पेनल्टीवर हिलाल जिंकला. सामन्यानंतर रोनाल्डो रडला, ते साऱ्या जगाने पाहिलं. नऊ महिन्यांपूर्वी जे नस्रने हिलालचं केलं होतं, ते हिलालने व्याजासह परत केलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

नस्रसाठी पहिली गोष्ट म्हणजे जपानचा दौरा. त्यातून पैसा आणि नाव मिळालं असेल, पण संघ ज्या आठवड्यात एकत्र घडायला हवा होता त्याच आठवड्यात तो विभागला गेला. स्पर्धेची तारीख ठाऊक असताना हा दौरा आठवडाभर आधी संपवायला हवा होता.  दुसरी गोष्ट नाजूक आहे. ९८ व्या मिनिटाला आघाडी मिळाल्यावर ३८ वर्षांच्या कर्णधाराला मैदानावर ठेवायचं का? मी स्वतः काढला नसता. हिलालचे दोन बचावपटू तरी त्याच्या धाकाने मागे राहतात. पण दोन दिवसांनी लीग आहे हे लक्षात घेऊन कुणी काढला असता, तर त्याला मी चूक म्हणणार नाही.

हिलालने काय करायला हवं होतं ते मी वर लिहिलंच आहे. आणखी एक जोडतो. लाल कार्ड निघाल्यावर खेळ थांबतो, पंचांभोवती गर्दी होते, दीड-दोन मिनिटं जातात. तो वेळ कर्णधाराने वादात घालवायचा नसतो. कुणी कुणाला पकडायचं हे तेव्हाच ठरवायचं असतं.

आयोजकांकडेही बोट दाखवायला हवं. फायनल १२ ला आणि लीग १४ ला, ही आखणी खेळाडूंच्या शरीराचा विचार न करता केलेली होती. फायनल खेळणाऱ्या दोघांची लीगची सलामी चार दिवस पुढे ढकलणं अवघड नव्हतं.

आमच्याकडे आता दर शनिवारी शेवटची वीस मिनिटं एक खेळ होतो. आठ विरुद्ध आठ चालू असताना मी मध्येच शिट्टी मारून एकाला बाहेर काढतो. कुणाला काढणार ते आधी सांगत नाही. राहिलेल्या सातांना तीस सेकंद मिळतात. सुरुवातीला सातही जण धावत स्वतःच्या गोलपाशी जायचे. मागच्या महिन्यात एका तेरा वर्षांच्या पोराने, आमच्या राइट बॅकने, त्या तीस सेकंदांत कर्णधाराला एकच गोष्ट विचारली: "मी वर थांबू का?" कर्णधार थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थांब. तुझ्या मागचं मी बघतो."